पांढरट पारदर्शक खनिज कसं ओळखायचं? अ‍ॅप दर वेळी वेगळंच नाव सांगतंय

कोपऱ्यातला_खडा

नमस्कार मंडळी. खनिजं गोळा करायचा नाद नवीनच लागलाय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. ओळखीतल्या एकांनी त्यांच्या जुन्या संग्रहातले काही नमुने दिले, पण चिठ्ठ्या सगळ्या हरवलेल्या, त्यामुळे कुठले आहेत, काय आहेत, काहीच पत्ता नाही. बाकीचे जमेल तसे लावतोय पण एका तुकड्याने डोकं उठवलंय. मुठीत मावेल एवढा, पांढरा, कडेला पारदर्शक, चमक काचेसारखी आणि जाड जाड पाट्या एकमेकींना चिकटल्यासारखा आकार. अ‍ॅपने आधी गारगोटी सांगितलं, दुसऱ्या बाजूने फोटो काढला तर कॅल्साइट आणि उजेडात धरून काढला तर जिप्सम. आता काय समजायचं?

आत्तापर्यंत केलेलं: नखाने ओरखडा येत नाही. चाकूच्या टोकाने येतो, फार जोरही लागत नाही. व्हिनेगरचे थेंब टाकले, काही झालं नाही. लॅब वगैरे हाताशी नाही. घरच्या घरी अजून काय करता येईल? आणि एखादं चांगलं अ‍ॅप असेल तर तेही सांगा.

स्फटिका

अ‍ॅपचा नाद सोडा हो. अ‍ॅप बघतं रंग आणि आकार, आणि पांढऱ्या खनिजांच्या बाबतीत रंग म्हणजे सगळ्यात कुचकामी पुरावा. शुद्ध क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटीच), कॅल्साइट, जिप्सम, फ्लुओराइट, बराइट, सैंधव, पुष्कराज, सगळी रंगहीन असू शकतात आणि थोड्याशा भेसळीने यातलं जवळजवळ काहीही पिवळं निळं गुलाबी होतं. फोटोत वजन येत नाही, कठीणपणा येत नाही, तर बिचारं अ‍ॅप करणार काय.

तुमच्याकडे मात्र दोन चांगले पुरावे आधीच आहेत, तुम्हाला ते पुरावे वाटले नाहीत इतकंच. चाकूने ओरखडा येतो ना, मग गारगोटी बाद, विषय संपला. मोहसच्या कठीणपणाच्या १ ते १० मापात क्वार्ट्झ ७ आणि साधा चाकू साडेपाचच्या आसपास, चाकू क्वार्ट्झवर घासला तर उलट चाकूचंच पोलाद दगडावर काळसर रेघ सोडून जातं. नखाने ओरखडा येत नाही म्हणजे जिप्समही बाद, कारण जिप्सम २ आणि नख अडीच. म्हणजे तुमचा तुकडा अडीच ते साडेपाचच्या मध्ये कुठेतरी बसतो. तांब्याचा तुकडा असेल तर तोही घासून बघा, तांबं साधारण ३ ते साडेतीन.

फक्त एक बघा, ओरखडा खरा आहे का. पुष्कळदा जे दिसतं ती घासणाऱ्या वस्तूची पावडर असते, दगडाला काही झालेलंच नसतं. बोट ओलं करून रेघ पुसा, पुसली गेली तर ओरखडा नाही, नखाला खाच लागली तर आहे. आणि शक्यतो ताजा तुटलेला भाग घ्या, वरची हवापाण्याने कुजलेली साल मूळ खनिजापेक्षा खूप मऊ असते. कणीदार, भुसभुशीत नमुना असेल तर कण सुटून येतात आणि आपल्याला वाटतं ओरखडा आला.

उगाच_एक

मोहसचं माप म्हणजे १० चा आकडा १ च्या दसपट कठीण का?

स्फटिका

नाही नाही. तो नुसता क्रम आहे, कोण कोणाला ओरखडतो एवढाच. फ्रीडरिश मोहसने १८१२ च्या सुमारास १० खनिजं ओळीने लावली, संगजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुंद, हिरा. कुरुंद ९ आणि हिरा १०, पण प्रत्यक्ष मोजला तर हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण निघतो. त्यामुळे बेरीज वजाबाकी करायला जाऊ नका. शिवाय काही खनिजं दिशेप्रमाणे बदलतात, कायनाइटची लांबट पट्टी लांबीच्या दिशेने चाकूने ओरखडते आणि आडवी घासली तर चाकूला दाद देत नाही.

हातोडीवाला

एवढा काथ्याकूट कशाला. सरळ जिभेला लावून बघा, खारट लागलं तर सैंधव, नाही लागलं तर कॅल्साइट. आम्ही असंच करायचो.

स्फटिका

हातोडीवाले, कृपा करून असले सल्ले नवीन माणसाला देऊ नका!! चिठ्ठी हरवलेला, कुठला ते माहीत नसलेला नमुना तोंडात घालायचा? शिशाची खनिजं पांढरी असतात, आर्सेनिकची असतात, बेरियमचं विदराइट तर दिसायला अगदी साळसूद आणि पोटात गेलं तर विषारी. मीठच आहे का बघायचं तर बारीक कण पाण्यात टाका, विरघळला तर कळेलच. तंतूंसारखं काही दिसलं तर ते घासू पण नका, अ‍ॅसबेस्टस असू शकतं. आणि खेळून झालं की हात धुवायचे.

भूगर्भकाका

वरचं सगळं बरोबर. पण खडासाहेब, तुमच्या व्हिनेगरच्या प्रयोगावर लगेच शिक्का मारू नका. व्हिनेगर म्हणजे जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, कॅल्साइटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर टाकलं तर बुडबुडे इतके बारीक आणि सावकाश येतात की लक्षातही येत नाही. चाकूने थोडी पावडर काढा, काळ्या कागदावर नको, काचेच्या तुकड्यावर घ्या, त्यावर कोमट व्हिनेगर टाका आणि भिंगातून बघा. प्रयोगशाळेत १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात, त्यात कॅल्साइट फसफसून उठतं, डोलोमाइट मात्र पावडर केल्याशिवाय फारसं हलत नाही. तुम्ही घरी अ‍ॅसिड आणू नका, गरज पडेलसं वाटत नाही.

आता मला हवी ती माहिती तुम्ही लिहिलेलीच नाही. तुटतं कसं? पाटन कसं आहे? खनिजाच्या रचनेत काही पातळ्यांवर अणूंची धरपकड ढिली असते, घाव बसला की तिथूनच सपाट फुटतं. अभ्रकाला एकच दिशा, पोथीची पानं सुटावीत तसं सुटतं. फेल्स्पारला दोन, जवळजवळ काटकोनात. सैंधवाला तीन, काटकोनात, म्हणून मिठाचे ठोकळे. कॅल्साइटलाही तीन पण तिरक्या, म्हणून कलंडलेली पेटी. फ्लुओराइटला चार. आणि क्वार्ट्झला म्हणावं असं एकही नाही, ते काचेसारखं शिंपल्याच्या आकारात फुटतं, आपण त्याला शंखाभ भंजन म्हणतो.

लोक गल्लत करतात ती इथे, स्फटिकाची बाजू आणि पाटनाची बाजू यांच्यात. क्वार्ट्झचा सहा बाजूंचा स्फटिक बघून म्हणतात वा काय सपाट आहे, पाटन असणार. ती बाजू वाढताना तयार झालेली, फुटून नाही. ओळखायचं कसं, तर पाटनाची सपाटी एकटी नसते, पायऱ्या पायऱ्यांनी त्याच दिशेला समांतर पुन्हा पुन्हा दिसते, आणि तुकडा दिव्याखाली फिरवला की त्या सगळ्या पायऱ्या एकदम चमकतात. स्फटिकाच्या बाजूवर उलट बारीक रेघा, खड्डे, वाढीच्या खुणा असतात.

तर खडासाहेब: (१) किती दिशांना सपाट फुटलंय, (२) कोपरे काटकोनी की तिरके, (३) पारदर्शक भाग छापील अक्षरावर ठेवला तर अक्षरं दोन दिसतात का, (४) हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने वजन कसं वाटतं. एवढं कळवा.

नवशिकी

मध्येच घुसते, सॉरी. माझ्याकडे एक पिवळा चमकदार तुकडा आहे. सगळे म्हणतात सोनं नसतं ते, पण मग काय आहे कसं कळणार? त्याला पण हेच सगळं करायचं का?

हातोडीवाला

सोन्यासारखं दिसतंय म्हणजे सोनं नाही, एवढा नियम पुरे आहे 😄

स्फटिका

नवशिकीताई, तुमचं काम तर जास्त सोपं आहे. धातूसारखी चमक असणाऱ्या खनिजांना कस बघायचा, म्हणजे स्ट्रीक. फरशीच्या टाइलची मागची, ग्लेझ नसलेली खरखरीत बाजू घ्या आणि त्यावर तुकडा दाबून ओढा. सोन्याची रेघ सोन्यासारखीच पिवळी येते. पायराइट आणि चॅल्कोपायराइट दोघांची हिरवट काळी. मग या दोघांत फरक कठीणपणाने, पायराइट ६ ते साडेसहा, चाकू चालत नाही, चॅल्कोपायराइट साडेतीन ते ४, चाकूने आरामात ओरखडतं आणि रंगही जरा जास्त तांबूस पिवळा, बरेचदा वर निळीजांभळी झाक. सोनं तर टाचणीने दाबलं की खळगा पडतो, बाकीचे दोघे भुगा होतात. पायराइटचे ठोकळे असतील तर बाजूंवर समांतर रेघा बघा, शेजारच्या बाजूवरच्या रेघा आडव्या जातात.

कस ही चाचणी मला फार आवडते कारण ती वरच्या रंगाला फसत नाही. हेमॅटाइट काळं असो, चंदेरी असो, मातकट लाल असो, रेघ लालसर तपकिरीच. मॅग्नेटाइटची काळी, आणि ते लोहचुंबकाला धरून बसतं. गॅलेनाची शिशासारखी करडी.

पण खडा यांच्या दगडाला याचा उपयोग शून्य, म्हणून मी वर लिहिलंच नव्हतं. पांढऱ्या खनिजांचा कस पांढराच येणार. आणि टाइलपेक्षा कठीण खनिज असेल, ७ च्या पुढचं, तर रेघ येते ती टाइलची भुकटी असते, खनिजाची नाही.

नवशिकी

हिरवट काळी आली! आणि चाकू चालत नाही. पायराइट का मग? थँक्यू ताई, नाराज नाहीये मी 😀

कोपऱ्यातला_खडा

काका, सगळं बघितलं. पावडर करून व्हिनेगर टाकलं, भिंगातून बराच वेळ बघत बसलो, बुडबुडे नाहीत. अक्षरं दोन दिसत नाहीत, एकच. तांब्याने पुसटसा ओरखडा येतो, म्हणजे धड येतो असंही नाही आणि येत नाही असंही नाही.

पाटन: पाट्यांना समांतर दिशेला अगदी छान, पायऱ्या चमकतात दिव्याखाली. पण बाकीच्या कोपऱ्यांनी गोंधळ केला. वरून बघितलं तर तिरके चौकोन दिसतात, एक कोपरा बोथट एक टोकदार, म्हणून मला वाटलं कॅल्साइटच. कागदावर कोन काढून मापला तर साधारण ७८ अंश आला. पण बाजूने बघितलं तर कडा सरळ उभ्या, काटकोनात.

आणि हो, वजन. तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, जड आहे. शेजारी तेवढाच गारगोटीचा तुकडा घेऊन बघितलं तर हा खूपच जड.

भूगर्भकाका

तुम्ही फार महत्त्वाची गोष्ट टिपली आहे. आता अंदाज मनात आलाय पण सांगत नाही, आधी विशिष्ट गुरुत्व (वि. गु.) काढा, म्हणजे दगड तेवढ्याच घनफळाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे ते. डिजिटल वजनकाटा असेल ना, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालेल.

आधी दगड कोरडा, स्वच्छ वजन करा. मग काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं भांडं ठेवा आणि काटा शून्य करा. दगडाला बारीक दोरा बांधा आणि दोरा हातात धरून दगड पूर्ण पाण्यात बुडवा, तळाला आणि कडेला अजिबात टेकू द्यायचा नाही, लटकता राहिला पाहिजे. आता काटा जो आकडा दाखवेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच दगडाचं घनफळ. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की झालं. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी हलवून काढा, ते राहिले तर घनफळ जास्त भरतं आणि उत्तर कमी येतं. दुसऱ्या खडकाचा तुकडा चिकटलेला असेल, आत पोकळ्या असतील तरी उत्तर बिघडतं.

तुलनेला काही आकडे: सैंधव २.१६, जिप्सम २.३, क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७१, फ्लुओराइट ३.१८, पुष्कराज साडेतीन, पायराइट ५, गॅलेना साडेसात, सोनं १९.३. बहुतेक साधी पांढरी खनिजं २.२ ते ३ मध्ये सापडतात, त्यामुळे त्याच्या बाहेरचा आकडा आला की संशयितांची यादी एकदम आखूड होते.

कोपऱ्यातला_खडा

कोरडं २६८ ग्रॅम. बुडवल्यावर काटा ६० वर थांबला. परत केलं, ६० आणि ६१ च्या मध्ये नाचतोय. म्हणजे ४.४ ते ४.५. हे बरोबर आहे का? वरच्या तुमच्या यादीत तर या आकड्याचं काहीच नाही.

भूगर्भकाका

मुद्दाम नाही लिहिलं 🙂 बराइट. बेरियम सल्फेट. कठीणपणा ३ ते साडेतीन, वि. गु. ४.५, काचेसारखी चमक, पाट्यांसारखे स्फटिक, सगळं जुळतंय.

तुमचा दगड कॅल्साइट असता तर २६८ ग्रॅमच्या तुकड्याने जवळपास ९९ ग्रॅम पाणी सारलं असतं. ६० आणि ९९, काटा एखाददोन ग्रॅम चुकला तरी हा फरक भरून निघत नाही.

आणि तो ७८ अंशांचा कोन. बराइटचं सगळ्यात चांगलं पाटन पाटीला समांतर, आणि दुसरं त्याला काटकोनात उभं, पण ते दोन दिशांना आणि त्या दोन दिशांमधला कोन ७८ च्या आसपास. कॅल्साइटच्या पाटनाच्या तुकड्यावर एका बाजूचे कोपरे मापले तर तिथेही जवळजवळ ७८ आणि १०२ च येतात. म्हणजे वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. फरक बाजूने कळतो, कॅल्साइटच्या कडा बाजूनेही कलंडलेल्या, बराइटच्या उभ्या. तुम्ही बाजूने बघितलंत म्हणून सुटलं, नाहीतर अ‍ॅपइतकेच आपणही कॅल्साइट म्हणत बसलो असतो.

स्फटिका

+१, बराइटच. पण काका एक शंका, सेलेस्टाइट आणि विदराइट बाजूला सारल्याशिवाय चिठ्ठीवर नाव लिहावं का? सेलेस्टाइट म्हणजे स्ट्रॉन्शियम सल्फेट, कठीणपणा तोच, पाटन तसंच, पाट्या तशाच. निळसर असतं असं सगळे म्हणतात पण पांढरंही भरपूर मिळतं.

भूगर्भकाका

रास्त शंका. सेलेस्टाइटचं वि. गु. ३.९७ च्या आसपास. म्हणजे याच वजनाच्या तुकड्याने साडेसदुसष्ट ग्रॅम पाणी सारायला हवं होतं, ६० आणि ६७ मधला फरक घरच्या काट्यालाही दिसतो. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम एकमेकांच्या जागी बसू शकतात, त्यामुळे मधले नमुनेही मिळतात आणि ४.२ आलं असतं तर मी हात वर केले असते. ४.४ च्या पुढे आहे, बराइटच्या बाजूला धरायला हरकत नाही. खात्रीच करायची तर ज्योतीची चाचणी, बेरियम हिरवट रंग देतं आणि स्ट्रॉन्शियम भडक लाल, पण बराइट तापवलं की तडतडून कण उडतात आणि सोडियमचा पिवळा रंग सगळ्यावर बसतो, त्यामुळे घरी करू नका.

विदराइट ४.३ चं, कठीणपणाही जवळपास तोच. पण ते कार्बोनेट, अ‍ॅसिडमध्ये बुडबुडे यायला हवेत, आणि त्याला एवढं स्वच्छ पाटन नसतं. शिशाचं सेरुसाइट साडेसहाचं, ते लांबच राहिलं.

हातोडीवाला

विदराइट विषारी म्हणालात वर. मग बराइट पण बेरियमचंच ना? हात लावायचा की नाही?

स्फटिका

लावा बिनधास्त. बराइट पाण्यात तर नाहीच, पोटातल्या अ‍ॅसिडमध्येही विरघळत नाही म्हणायला हरकत नाही, त्यामुळे शरीर बेरियम शोषून घेत नाही. म्हणूनच तर शुद्ध बेरियम सल्फेट रुग्णाला प्यायला देऊन अन्नमार्गाचा एक्स-रे काढतात, बेरियम मील म्हणतात ते. विदराइट अ‍ॅसिडमध्ये विरघळतं, घोळ तिथे होतो. तेलविहिरी खणताना चिखलाचं वजन वाढवायलाही बराइटची पूडच घालतात, जड, मऊ आणि कशाशी प्रतिक्रिया न करणारी म्हणून. पण म्हणून चाटू नका, हातोडीवाले.

कोपऱ्यातला_खडा

कमाल आहे. म्हणजे सगळ्यात कामाचं निघालं ते वजन, आणि मी ते पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंसुद्धा नव्हतं. चिठ्ठीवर काय लिहू मग, नुसतं बराइट?

भूगर्भकाका

नावाखाली मोजलेलंही लिहा: २६८ ग्रॅम, वि. गु. ४.४ ते ४.५, नख नाही, चाकू हो, व्हिनेगरला प्रतिसाद नाही, पाटन पाटीला समांतर उत्तम, ७८ अंश. उद्या कोणी म्हणालं हे सेलेस्टाइट आहे तर आकडे काढून दाखवता येतात. नाव पेन्सिलने लिहा, आकडे शाईने. आणि ओरखड्याची चाचणी यापुढे मागच्या, खराब बाजूवर करा, साडेतीनच्या खनिजाला चाकूची खूण कायमची राहते.

नवशिकी

माझ्याकडे अजून एक काळा आहे, जड नाही, बोटांना काळं लागतं आणि हाताला गुळगुळीत, तेलकट वाटतो. इथेच विचारू का वेगळा धागा काढू?

स्फटिका

कागदावर ओढून बघा, पेन्सिलसारखी रेघ आली तर ग्रॅफाइट. नाही आली तर वेगळा धागा काढा, फोटोच्या आधी वजनं टाका 😀